संध्याकाळी बंद, सकाळी चालू

आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या एक्सेल फाइलमध्ये मी एक छोटा मॅक्रो, म्हणजे एक्सेलकडून काम करून घेणारा कोड, घातला होता. फ्लॅट नंबर कोणी स्मॉल अक्षरात टाकला तर तो कॅपिटल व्हायचा आणि शेजारच्या कॉलममध्ये तारीख पडायची. मग तक्रार आली: तारखा पडत नाहीत. सकाळी जाऊन बघावं तर पडतायत! एररचा मेसेजही कुठे नाही.

साधा मॅक्रो बटण दाबल्यावर चालतो. हा त्यातला नव्हे. फाइल उघडली, सेल बदलला, दुसऱ्या शीटवर गेलात, की एक्सेल त्या घटनेची वर्दी देतं आणि तिच्यासाठी कोड लिहिलेला असेल तर तो चालवतं. सेल बदलला की ‘वर्कशीट_चेंज’ नावाच्या कोडची पाळी; कोणता सेल, ते त्याला ‘टार्गेट’मधून कळतं.

गोची अशी की मॅक्रोने लहान ‘बी’चं मोठं ‘बी’ केलं, तो सुद्धा बदलच. माणसाने केला की मॅक्रोने, याच्याशी एक्सेलला देणंघेणं नाही. पुन्हा वर्दी, पुन्हा मॅक्रो, पुन्हा वर्दी... शेवटी एक्सेल हात टेकतं. (गूगल शीट्समध्ये स्क्रिप्टने केलेल्या बदलावर ‘ऑनएडिट’ हा तिथला असाच कोड चालतच नाही. मला तेच शहाणपणाचं वाटतं.)

म्हणून सेलमध्ये लिहिण्याआधी ‘एनेबलइव्हेंट्स’ हा या वर्दीचा स्विच कोडमधूनच बंद करायचा आणि लिहून झालं की चालू. मीही तेच केलं होतं. पण एकाने तीन फ्लॅट नंबर एकदम पेस्ट केले. टार्गेटमध्ये तीन सेल आले, आणि अक्षरं कॅपिटल करणाऱ्या ‘यूकेस’ला एका वेळी एकच मजकूर झेपतो. एरर १३, ‘टाइप मिसमॅच’. पेस्ट करणाऱ्याने ‘एंड’ दाबलं आणि तो पुढच्या कामाला लागला. मॅक्रो मात्र स्विच बंद ठेवूनच मेला. हा स्विच एका फाइलचा नसतो, उघड्या असलेल्या अख्ख्या एक्सेलचा असतो; शेजारच्या फाइलीही मुक्या होतात. रात्री एक्सेल बंद करून सकाळी उघडलं की तो आपोआप चालू. तक्रार करणाराच खोटा पडायचा!

आता कोडच्या सुरुवातीला ‘ऑन एरर गोटू’ आहे, म्हणजे एरर आली की ठरलेल्या ओळीवर उडी. काम नीट होवो की फसो, बाहेर पडायची वाट एकच, आणि स्विच चालू करणारी ओळ त्याच वाटेवर. टार्गेटमधले सेलही एकेक करून घेतो, तेही फ्लॅट नंबरच्या कॉलममधले असतील तरच. स्विच तरीही अडकलाच तर ऑल्ट-एफ ११ दाबून कोडची खिडकी उघडायची, मग कंट्रोल-जी दाबून आज्ञा टाइप करायची जागा, आणि तिथे ‘ॲप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स = ट्रू’ टाइप करून एंटर.

एका गोष्टीवर मात्र सोपा इलाज नाही. मॅक्रोने सेलमध्ये काही लिहिलं की एक्सेल अनडूची यादी पुसून टाकतं. म्हणजे चुकीचा फ्लॅट नंबर टाकल्यावर खजिनदारांनी कितीही कंट्रोल-झेड दाबलं तरी काही होत नाही. कीबोर्ड बिघडलाय, असं ते मला दोनदा म्हणालेत.