सहा पिक्सेलवरून यान ओळखायचं कसं?

मंगळावर पडलेल्या जुन्या यानाचा वरनं काढलेला फोटो कुणालाही दाखवा, प्रतिक्रिया ठरलेली असते. "यात काय दिसतंय? पांढरा ठिपका?" हो, ठिपकाच आहे. उपग्रहातून गाडीची नंबरप्लेट वाचता येते असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, मग मंगळावरचं यान स्क्रूसकट दिसायला काय हरकत आहे? तर हरकत आहे, आणि सगळी गंमत त्या हरकतीतच आहे.

बीगल-२ चं बघा. ब्रिटनचं छोटंसं लँडर, म्हणजे मंगळावर उतरणारं यान, कॉलिन पिलिंजर या शास्त्रज्ञानं हट्टानं उभं केलेलं. मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपच्या मार्स एक्स्प्रेस यानापासून ते १९ डिसेंबर २००३ ला सुटं झालं, २५ तारखेला इसिडिस प्लॅनिशिया नावाच्या मैदानात उतरायचं होतं, आणि नंतर त्याच्याकडून हूं नाही की चूं नाही. आपटून चुरा झाला असणार असंच बहुतेकांनी धरलं. पिलिंजर मे २०१४ मध्ये गेले आणि जानेवारी २०१५ मध्ये जाहीर झालं की बीगल सापडलं. उतरायच्या ठरलेल्या पट्ट्याच्या मध्यापासून जेमतेम ५ किलोमीटरवर, आणि चुराबिरा काही नाही, चांगलं उतरलेलं! मार्स एक्स्प्रेसच्या टीममध्ये पूर्वी काम केलेल्या मायकेल क्रून यांना ते आधी दिसलं.

फोटो होते हायराइजचे, म्हणजे नासाच्या मार्स रिकनेसन्स ऑर्बिटरवरच्या कॅमेऱ्याचे. आरसा अर्ध्या मीटरचा, उंची साधारण ३०० किलोमीटर, एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे २५ ते ३० सेंटिमीटर. बीगल उघडलेलं असलं तरी २ मीटरच्या आतलं. करा भागाकार, सहा-सात पिक्सेल. बरं, पिक्सेल आणखी बारीक करूनही फारसा उपयोग नाही, कारण शाळेत शिकलेलं विवर्तन, म्हणजे प्रकाशाचं पसरणं, आडवं येतं, अर्ध्या मीटरच्या आरशातून आलेला ठिपका मुळातच जमिनीवरच्या अर्ध्या मीटरएवढा पसरतो.

आणि हे सहा पिक्सेल मिळवायला काय करावं लागतं ते बघा, मला स्वतःला या सगळ्यात हेच सगळ्यात भारी वाटतं. कॅमेऱ्याच्या यानाखालची जमीन सेकंदाला ३ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं मागं पळतेय. २५ सेंटिमीटर मागं जायला लागतात साधारण ७६ मायक्रोसेकंद. म्हणजे पिक्सेलच्या एका ओळीचा प्रकाश गोळा करायला वेळ तेवढाच, त्यात फोटो काळाकुट्ट येणार, आणि जास्त वेळ घेतला तर सगळे फराटे. म्हणून सेन्सरवर एकामागं एक १२८ ओळी ठेवल्यात. जमिनीच्या एका तुकड्याचा प्रकाश पहिल्या ओळीवर पडला, थोडे इलेक्ट्रॉन जमले. तो तुकडा दुसऱ्या ओळीसमोर आला की जमलेले इलेक्ट्रॉनही दुसऱ्या ओळीत ढकलायचे, बरोब्बर त्याच वेगानं, तिथं आणखी थोडे जमतात, मग तिसरी, चौथी, असं १२८ वेळा. लग्नात ताट घेऊन पुढं सरकताना प्रत्येक वाढपी चमचाभर घालतो ना, तसंच, फक्त इथं वाढपी १२८ आणि सगळे वरणभातच वाढतायत. शेवटी ७६ मायक्रोसेकंदांचे जवळजवळ १० मिलिसेकंद होतात आणि फोटो हलतही नाही. याला टाइम डिले इंटिग्रेशन म्हणतात. पण इलेक्ट्रॉन सरकायचा वेग आणि जमिनीचा वेग जुळलाच पाहिजे, त्यात खाली मंगळ स्वतःभोवती फिरतोय म्हणजे तुकडा सरळ न जाता तिरका जाणार, म्हणून अख्खं यानच किंचित वळवून धरतात, आणि यानावरचं सोलर पॅनल जरी हललं तरी ती थरथर फोटोत उमटते.

एवढं करून हातात सहा पिक्सेल! मग एका फोटोवर कोण विश्वास ठेवणार? बीगलच्या जागेचे वेगवेगळ्या वेळी, सूर्य वेगवेगळ्या कोनात असताना फोटो काढले, तर चमकणारा ठिपका दर फोटोत जरासा जागा बदलत होता. दगड असं करत नाही. यानाच्या वेगवेगळ्या सोलर पॅनलवरनं ऊन परावर्तित होत असेल तरच असं होतं. शिवाय जवळच पॅराशूट असावं असं काहीतरी. या फोटोंवरनंच कळलं की पॅनल सगळे उघडले नसावेत, आणि अँटेना नेमका त्यांच्याखाली अडकलेला. यान बहुतेक जिवंत होतं, बोलता येत नव्हतं.

पॅराशूट हा तर फार मोठा आधार. मंगळावर सगळ्यावर धूळ बसते, मग १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग-१ चं पॅराशूट तीस वर्षांनीही कसं दिसलं? नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या पॅराशूटनं त्याचा अंदाज दिला. ऑगस्ट २०१२ ते जानेवारी २०१३ मधल्या फोटोंत ते वाऱ्यानं हललेलं, आकार बदललेला दिसतो. म्हणजे वारा कापड झटकतो आणि धूळ उडते.

रशियात विताली येगोरोव्ह आणि त्यांच्या हौशी मंडळींनी तर आधी मार्स-३ या सोव्हिएत यानाचे भाग या पिक्सेलमध्ये केवढे दिसतील त्याची मॉडेल्स केली आणि मगच २००७ चा फोटो चाळला. मार्स-३ डिसेंबर १९७१ मध्ये उतरून थोड्याच वेळात बंद पडलेलं. पॅराशूट, उष्णताकवच, रॉकेट आणि लँडर वाटावं असं चारही काही मिळालं, तरी शास्त्रज्ञ अजून "असावं" म्हणतात.

नाहीतर आपल्याकडं बघा, १९७६ च्या एका धूसर फोटोत मंगळावरची टेकडी चेहऱ्यासारखी दिसली, २००१ मध्ये स्पष्ट फोटो येऊन टेकडीच निघाली, तरी यूट्यूबवर तो चेहरा अजून खपतोय. आणि ज्या ग्रहावरचं पॅराशूट सरकलेलं कळतं त्याच ग्रहासाठी पत्रिका बघून मुलींची लग्नं अडवायची, काय बोलणार.

फसगत शास्त्रज्ञांचीही होते. नासाचं मार्स पोलर लँडर ३ डिसेंबर १९९९ ला दक्षिण ध्रुवाजवळ हरवलं. २००५ मध्ये जुन्या ऑर्बिटरच्या फोटोत ते सापडलंसं वाटलं, जास्त बारकाईचा फोटो काढला तर यान नव्हतंच, त्याच वर्षी दावा मागं घेतला. ते अजूनही सापडलेलं नाही. ध्रुवाकडं हिवाळ्यात कार्बन डायऑक्साइडचा बर्फ साचतो, उत्तरेकडच्या फिनिक्स यानाचं सोलर पॅनल त्याच वजनानं मोडल्यासारखं २०१० च्या फोटोत दिसलं. तेव्हा पोलर लँडरचा मूळ आकार डोळ्यासमोर ठेवून शोधण्यात फार अर्थ नाही, त्यापेक्षा पॅराशूट शोधलेलं बरं.