स्वरसाधना

स्वरसाधना : गाण्यासाठी आवाज तयार करण्याचा आणि तो नेमक्या स्वरावर स्थिर ठेवण्याचा रोजचा अभ्यास. गवई मंडळी यालाच ‘रियाज’ किंवा नुसतीच ‘मेहनत’ म्हणतात. सूर लागणे, सूर टिकणे, आवाज मोकळा होणे, दमसास वाढणे ही सगळी कामे या एकाच शब्दाखाली येतात. त्यांचा क्रमही ठरलेला आहे, आणि त्यात गळ्याआधी कानाचा नंबर लागतो.

न लागलेल्या सुरासाठी मराठीत दोन शब्द आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. ‘बेसूर’ म्हणजे स्वर उघड चुकला. शेजारच्या खोलीत बसलेल्यालाही कळते. ‘कणसूर’ म्हणजे स्वर जवळपास बरोबर, पण कणभर चढा किंवा कणभर उतरलेला. कणसुरे गाणे ऐकणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, फक्त गाणे रंगत नाही एवढे जाणवते. बेसूर माणूस बहुधा आपण होऊन गाणे सोडतो. कणसुरा माणूस वर्षानुवर्षे गात राहतो, कारण त्याच्या स्वतःच्या कानाला तो बरोबरच वाटत असतो. शिकवणाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते.

‘मला सूरच नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. स्वरांतले अंतर जन्मतःच ओळखता न येणारी माणसे असतात, पण ती शंभरात चारांहूनही कमी. उरलेल्यांच्या कानाला चूक कळते. कानाला कळलेले गळ्यात उतरत नाही, एवढीच त्यांची अडचण असते. स्वरयंत्रातल्या पडद्या किती ताणायच्या हे बोटांनी पेटीची पट्टी दाबावी तसे पाहून ठरवता येत नाही. ताण देऊन स्वर काढायचा, ऐकायचा आणि दुरुस्त करायचा, हे हजारो वेळा घडल्यावर स्नायूंना जागा सापडते. पुरुष काळी एकच्या (पेटीवर सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) मध्य षड्जावर, म्हणजे मधल्या ‘सा’वर, असतो तेव्हा त्याच्या पडद्या सेकंदाला सुमारे १३९ वेळा उघडमीट करतात. त्यात दोन-तीनांचा फरक पडला की स्वर कणसूर होतो.

तंबोरा

ऐकून दुरुस्त करण्यासाठी मागे एक न हलणारा स्वर लागतो. तो तंबोऱ्याने मिळतो. चार तारांपैकी पहिली पंचमाची म्हणजे ‘प’ची (रागात पंचम नसेल तर मध्यमाची, ‘म’ची), मधल्या दोन जोडाच्या म्हणजे मध्य ‘सा’च्या, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या ‘सा’ची. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा किंचित उतरता घासून त्यावर तारेखाली दोरा सरकवला की तार घोडीला निसटती शिवत राहते आणि झंकार उठतो. याला जवारी म्हणतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला तरी जवारी बंद पडते, म्हणून तंबोरा लावणे हीच नवशिक्याची पहिली परीक्षा. मिरजेत एकोणिसाव्या शतकापासून तंबोरे बनतात. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी तिथे वाद्यांकडे वळली. पंढरपूर-मंगळवेढा भागातून भोपळे येतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

जवारी जमलेल्या तंबोऱ्याची नुसती खर्जाची तार छेडून शांत बसले, की थोड्या वेळाने त्यातून गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू येऊ लागतो. गंधाराची तार कुणी लावलेली नसते. याला स्वयंभू गंधार म्हणतात. यात चमत्कार नाही. तार आपल्या मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशीही कंप पावत असते आणि पाचपटीचा स्वर म्हणजे गंधार. काळी एकला खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९.३ कंपने करते, म्हणजे तिच्यातला गंधार ३४६.५ वर येतो. आता पेटीवर काळी एकचा षड्ज धरून शुद्ध गंधार दाबला, तर तो ३४९.२ वर वाजतो. पेटीने सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असल्यामुळे हा फरक पडतो. दोन्ही एकदम वाजवले की सेकंदाला जवळजवळ तीन वेळा ‘वँव-वँव’ अशी थरथर ऐकू येते. हीच तपासणी पंचमावर केली तर थरथर चार सेकंदांत जेमतेम एकदा येते, म्हणजे पेटीचा पंचम तंबोऱ्याशी जवळपास जुळतो आणि गंधार जुळत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षे टिकली. पेटीचे स्वर आपल्या गाण्याला चपखल बसत नाहीत, हा त्यामागचा एक मोठा आक्षेप होता.

ही थरथर शिकणाऱ्याच्या फार उपयोगाची आहे. षड्ज लावताना गळ्याचा स्वर तारेपासून जरा बाजूला असेल तर थरथर ऐकू येते. स्वर जवळ सरकला की ती मंदावते आणि तंतोतंत मिळाला की थांबते. त्या क्षणी आपला आवाज ऐकूच येईनासा होतो, तंबोऱ्यात विरघळल्यासारखा वाटतो. ‘सूर मिळाला’ म्हणतात तो हा अनुभव. एकदा कानाला पटला की पुढे ‘चढा आहे, उतरव’ असे कुणी सांगावे लागत नाही. उलट गुरूजींनी पेटी धरायची आणि विद्यार्थ्याने प्रत्येक स्वर तिच्या आधाराने गायचा, या गावोगावच्या क्लासातल्या पद्धतीत विद्यार्थी पेटीच्या मागून चालायला शिकतो. पेटी थांबली की तो भरकटतो. परीक्षांच्या वेळापत्रकात हेच सोयीचे पडते, पण सोयीसाठी मोजलेली किंमत मोठी आहे.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्या गायकीत स्वर मिळवण्याला जे स्थान आहे, ते या संदर्भात नेहमी सांगितले जाते. ते मिरजेत स्थायिक झाले होते आणि स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत लक्ष घालत. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, अशी ती परंपरा पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली.

पट्टी

आपला षड्ज कुठे धरायचा याला पट्टी ठरवणे म्हणतात. पुरुषांची पट्टी साधारण काळी एक ते पांढरी तीन या टापूत, तर स्त्रियांची पांढरी पाच ते काळी पाचच्या आसपास येते. पण हे नुसते अंदाज. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम आवाज न विरता लागावा आणि तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या गंधार-मध्यमापर्यंत मान न ताणता जाता यावे, ती पट्टी आपली. सुराच्या अर्ध्याअधिक तक्रारी पट्टी चुकल्यामुळे असतात. आवडत्या गायकाच्या ध्वनिमुद्रिकेबरोबर तिच्याच पट्टीत गाणारा मुलगा तार सप्तकात कणसूर होतो, आणि दोष कानाला दिला जातो. वर्गात मुलेमुली एकत्र बसवून एकाच पट्टीत गायला लावले की निम्मा वर्ग ओरडत असतो आणि निम्मा पुटपुटत.

वारकरी भजन आणि कीर्तन उंच पट्टीतच चालते. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हाचे नाट्यसंगीतही तसेच, कारण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा असे. हरिनाम सप्ताहात चौथ्या-पाचव्या दिवशी निम्म्या टाळकऱ्यांचे आवाज बसलेले असतात. जे बसत नाहीत त्यांच्याकडे पाहिले तर दिसते, की ते जोर लावत नाहीत, आवाज पुढे टाकतात.

खर्ज

पहाटे मंद्र सप्तकात लांब स्वर लावण्याला खर्ज भरणे म्हणतात. मध्य षड्जापासून एकेक स्वर खाली उतरायचे, प्रत्येक स्वरावर एक पूर्ण श्वास थांबायचे, जिथे आवाज नुसती हवा होतो तिथून परत फिरायचे. वीस मिनिटे ते तासभर. खालच्या स्वरांत पडद्या सैल आणि जाड असतात, त्यामुळे झोपेतून उठलेल्या गळ्याला ते सोपे जाते. सावकाश गेल्यामुळे श्वास सोडण्यावर ताबा येतो, आणि एकाच स्वरावर इतका वेळ थांबल्यामुळे तो हलतो कुठे हे कळते. खर्जाने आवाजाला ‘वजन’ येते असे गवई सांगतात. मात्र खाली ढकलण्यासाठी हनुवटी छातीला टेकवून गुरगुरणे म्हणजे खर्ज नाही. तसे केल्याने आवाज जड होतो आणि वरचे स्वर जातात. मुलींना पुरुष गुरूच्या खर्जापर्यंत उतरायला लावणे हाही त्यातलाच प्रकार.

आवाजाचा लगाव

स्वर बरोबर असूनही आवाज कसा लागतो हा वेगळा भाग आहे. ‘आ’ हा त्याचा पाया. जबडा सैल, जीभ खाली सपाट, टाळू उचललेली. जांभई सुरू होताना तोंडात जी पोकळी तयार होते ती. जयपूर-अत्रौली घराण्यात या मोकळ्या आकाराला विशेष मान आहे. ‘ई’ आणि ‘ऊ’ वर आवाज आपोआप अरुंद होतो, म्हणून मराठी गीतांत तारस्वरावर ‘ई’ आला की कसलेला गायक तो किंचित ‘ए’कडे झुकवतो; ऐकणाऱ्याला शब्द ‘ई’च वाटतो.

चुकीच्या लगावांना बोलीत नावे आहेत : दाबलेला आवाज, नाकातला आवाज, चोरटा आवाज. नाकातला ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘आ’ गाताना दोन बोटांनी नाक चिमटायचे. आवाज बदलला तर हवा नाकातून जात होती. चोरटा म्हणजे वरच्या स्वरांवर ताण टाळण्यासाठी आवाज पातळ, पोकळ करून पळवणे. काही गायनप्रकारांत तो हेतूने वापरतात, ख्यालात मात्र तो दोष मानला जातो.

दमसास वाढवायला छाती फुगवून श्वास भरायची गरज नसते. फासळ्यांच्या खालचा भाग बाजूंनी पसरू द्यायचा, खांदे हलवायचे नाहीत, आणि सोडताना कंजुषी करायची. ओठ मिटून ‘म्’ धरून किती वेळ जातो ते मोजले तर महिन्याभरात फरक दिसतो. पण लांब दम हीच गायकी नव्हे. कुमार गंधर्व क्षयाच्या दीर्घ आजारातून देवासला बरे झाले तेव्हा एका फुप्फुसाची ताकद गेलेली होती. त्यांनी छोट्या, तुटक, टोकदार स्वरवाक्यांतून आपली मांडणी उभी केली, आणि ती उणीव वाटली नाही.

पलटे

‘सारेग, रेगम, गमप’ अशा ठरलेल्या आकृत्या म्हणजे अलंकार किंवा पलटे. चार स्वरांच्या २४ रचना होतात, पाचांच्या १२०, सातांच्या ५०४०. या हिशेबाला मेरुखंड म्हणतात. इतके सगळे कुणी रोज गात नाही. पाच-सहा पलटे, आधी विलंबित (संथ), मग दुगुन (दुप्पट लयीत), आणि ज्या जागी स्वर घसरतो तिथेच थांबून, असे केले तरी पुरते. उतरताना स्वर खाली पडतो ही जवळपास सगळ्यांची खोड. म्हणून अवरोहाला जास्त वेळ द्यावा. लय वाढवली की चूक झाकली जाते, जात नाही.

काळजी आणि इजा

मुलांचा आवाज साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षी फुटतो आणि जवळजवळ सप्तकभर उतरतो. मुलींचाही बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच. त्या काळात गाणे बंद करायची गरज नसते, ताणायचे मात्र नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज राजस्थानात दरबारी नोकरीत असताना अति गाण्याने गेला. तो परत आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता, आणि त्या नव्या आवाजाला साजेशी पेचदार गायकी त्यांनी घडवली, असे सांगतात. सगळ्यांच्या नशिबी इतका सुंदर तोटा येत नाही. पडद्यांच्या कडांवर गाठी येतात, आवाज खरखरीत होतो, वरचे स्वर हवेत विरतात. दोन-तीन आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवणे शहाणपणाचे.

ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचे दूध यांनी घसा निवतो. पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वरयंत्राच्या पडद्यांना शिवत नाही. पडद्यांना लागतो ओलावा, आणि तो दिवसभर प्यायलेल्या पाण्याने मिळतो. सतत खाकरण्याने मात्र त्या एकमेकींवर आपटतात. आवाजाचा असा शरीरशास्त्राच्या अंगाने विचार मुंबईत बी. आर. देवधर (१९०१–१९९०) यांनी केला. कुमार गंधर्व त्यांचेच विद्यार्थी. पुढे अशोक दा. रानडे यांनी तो विषय नाटकाच्या आणि बोलण्याच्या आवाजापर्यंत नेला.

आता मोबाइलवर तंबोरा वाजतो आणि स्वर किती चढा-उतरा ते काट्याने दिसते. तंबोऱ्याची सोय झाली हे बरेच झाले. काटा मात्र जपून वापरावा : तो पेटीच्या मोजमापाने सांगतो, म्हणून तंबोऱ्यात अचूक मिळालेल्या शुद्ध गंधारालाही तो उतरलेला ठरवतो. शिवाय डोळे काट्यावर असले की कान सुटी घेतात. त्यापेक्षा मोबाइलवर आपले गाणे रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. गाताना आपला आवाज कवटीच्या हाडांतूनही कानापर्यंत येतो, त्यामुळे तो आपल्याला भरदार वाटतो; रेकॉर्डिंगमध्ये तो पातळ आणि परका निघतो. पोवाडा गाताना शाहीर एक हात कानाशी नेतो. त्या ओंजळीमुळे डफ-तुणतुण्याच्या गलक्यातही त्याचा स्वतःचा सूर त्याला ऐकू येतो.