बीटीएस : सातजण सातच कसे राहिले

१३ जून २०२४. सोलच्या जामशिल इनडोअर स्टेडियममध्ये एक तरुण उभा होता आणि त्याच्यासमोर लांबच लांब रांग होती. हजार चाहते एकेक करून पुढे येत होते आणि तो प्रत्येकाला मिठी मारत होता. आदल्याच दिवशी त्याची अठरा महिन्यांची लष्करी सेवा संपली होती. हा जिन, दक्षिण कोरियाच्या बीटीएस या सातजणांच्या पॉप गटातला वयानं सगळ्यात मोठा. घरी जाऊन चार दिवस झोपला असता तरी कुणी बोल लावला नसता. पण १३ जून हा गटाचा वाढदिवस. २०१३मध्ये याच तारखेला ‘नो मोअर ड्रीम’ या गाण्यानं त्यांनी पदार्पण केलं होतं.

बीटीएसच्या यशाचे आकडे आता सगळ्यांना तोंडपाठ आहेत. मला त्याहून मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट : सातजणांनी सुरुवात केली आणि आजही ते सातच आहेत. कोरियात हे किती अवघड आहे, ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

आजच्या के-पॉपची, म्हणजे कोरियन पॉप संगीताची, सुरुवात साधारण १९९२पासून धरतात. त्या वर्षी ‘सो तैजी अँड बॉइज’ या तिघांनी कोरियन गाण्यात रॅप आणला. टीव्हीवरच्या स्पर्धेत परीक्षकांनी त्यांना सगळ्यात कमी गुण दिले, तरुणांनी मात्र डोक्यावर घेतलं. चार वर्षांत त्यांनी निवृत्तीही जाहीर केली. मग १९९६मध्ये एसएम या मनोरंजन कंपनीनं ‘एच.ओ.टी.’ हा पाच मुलांचा गट आणला आणि एक साचाच तयार झाला : शाळकरी वयातली मुलं निवडायची, नाच-गाण्याची कसून तालीम द्यायची, एकत्र राहायला ठेवायची आणि लांबलचक करारात बांधायची. अमाप लोकप्रियता मिळूनही एच.ओ.टी. २००१मध्ये फुटला. २००९मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ या गटाच्या पाचातले तिघं तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले. त्याच वर्षी सरकारच्या व्यापार आयोगानं नमुना करार काढून मुदत सात वर्षांवर आणली. मुलांसाठी ते बरंच झालं. पण तेव्हापासून ‘सातवं वर्ष’ ही चाहत्यांची धास्ती झाली. करार संपला की गट मोडतो, हे इतक्यांदा घडलं की त्याला शापच म्हणू लागले.

बीटीएसची कंपनी, बिग हिट, या खेळातली फार लहान भिडू होती. संगीतकार बांग शी-ह्योक यांनी २००५मध्ये ती काढली. २०१०च्या सुमारास त्यांना किम नाम-जून नावाच्या शाळकरी मुलाचं रॅप ऐकायला मिळालं आणि त्याच्याभोवती गट बांधायचं ठरलं. तोच आजचा आरएम. बाकीचे हळूहळू येत गेले. शुगा आणि व्ही देगूकडचे, जे-होप ग्वांगजूचा, जिमिन आणि जंगकुक बुसानचे. ऐन सोलमध्ये वाढलेला एकही नाही. सुरुवातीच्या एका गाण्यात तर हे आपापल्या गावच्या बोलीत एकमेकांवर कुरघोडी करतात. बोलीवरून थट्टा ऐकत मोठा झालेला माणूस, मग तो वऱ्हाडातला असो की मालवणचा, ते ऐकून हसेल आणि जरा गहिवरेलही.

सातहीजण एकाच खोलीत, एकावर एक पलंग टाकून झोपत. शुगाला पैसे पुरत नसत, म्हणून तो दुचाकीवरून डिलिव्हरीचं काम करायचा. त्यात अपघात झाला आणि खांदा कायमचा दुखावला. २०२०मध्ये अखेर त्याची शस्त्रक्रिया करावी लागली. जगभरातल्या स्टेडियममध्ये नाचताना त्यानं ते दुखणं अंगावर काढलं, हे कळल्यावर जुने व्हिडिओ पूर्वीसारखे बघवत नाहीत.

‘बांगतान सोन्योन्दान’ या नावाचा अर्थ ‘बुलेटप्रूफ बालवीर’ असा काहीसा. तरुणांवर जे ताशेरे आणि अपेक्षा गोळ्यांसारख्या येतात, त्या झेलणारे. पहिल्या गाण्यांत शाळेचा ताण होता, आईबापांनी आखून दिलेल्या स्वप्नांवरचा राग होता. पण टीव्हीच्या साप्ताहिक स्पर्धेत पहिला क्रमांक मिळायला जवळजवळ दोन वर्षं लागली, मे २०१५मध्ये ‘आय नीड यू’ला.

मोठ्या कंपन्यांसारखं टीव्हीवर वजन नव्हतं, म्हणून पदार्पणाआधीपासूनच ही मुलं इंटरनेटवर बोलत होती. २०१२च्या डिसेंबरात त्यांचं ट्विटर खातं सुरू झालं. तालमीचे तुकडे, रात्री उशिरा कॅमेऱ्यासमोर केलेल्या कबुल्या, जेवणावरून भांडणं, सगळं तिथं. आणि ते जगाला समजलं ते अनुवाद करणाऱ्या चाहत्यांमुळे. एक छदामही न घेता, रात्र रात्र जागून त्यांनी कोरियन शब्दांतल्या कोट्या आणि संदर्भ उलगडून सांगितले. या यशाचं श्रेय वाटताना त्यांना नेहमी शेवटी बसवलं जातं, याचं मला वाईट वाटतं. मे २०१७मध्ये बीटीएसला अमेरिकेच्या बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाचा ‘टॉप सोशल आर्टिस्ट’ पुरस्कार मिळाला, तोवर सलग सहा वर्षं तो जस्टिन बीबरकडे होता. तो कौल चाहत्यांच्या याच फौजेचा.

पुढच्याच मे महिन्यात त्यांचा अल्बम बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीत पहिला आला. कोरियन कलाकाराच्या वाट्याला हा मान पहिल्यांदाच येत होता. सप्टेंबर २०१८मध्ये आरएम संयुक्त राष्ट्रांत बोलला. बाहेरून सगळं सोन्यासारखं. आणि डिसेंबरात हाँगकाँगच्या पुरस्कार सोहळ्यात जिननं रडत रडत सांगितलं, की वर्षाच्या सुरुवातीला आम्ही गट मोडायचा विचार करत होतो. शेजारी उभ्या असलेल्यांचेही डोळे वाहत होते. तोवर त्यांनी मुदत संपायची वाट न पाहता, ऑक्टोबरातच पुढच्या सात वर्षांचा करार जाहीर केला होता. सातव्या वर्षाचा शाप तिथं मोडला.

कोविडनं २०२०चा जगदौरा बुडवला. त्या रिकामपणात ‘डायनामाइट’ आलं, त्यांचं पहिलं पूर्ण इंग्रजी गाणं, आणि बिलबोर्डच्याच हॉट १०० या गाण्यांच्या यादीत थेट पहिलं आलं. तीनेक महिन्यांत ‘लाइफ गोज ऑन’नंही तेच केलं. ते बहुतांशी कोरियन भाषेत होतं, म्हणून मला त्याचं मोल जास्त.

लष्कराचा प्रश्न मात्र टळणारा नव्हता. दक्षिण कोरियात धडधाकट पुरुषाला साधारण अठ्ठावीसच्या आत सेवेत जावंच लागतं. ऑलिंपिक पदकविजेत्यांना आणि ठरावीक स्पर्धा जिंकणाऱ्या शास्त्रीय वादकांना सवलत आहे, पॉप गायकांना नाही. २०२०च्या अखेरीस कायदा बदलून नामवंत कलाकारांना तिशीपर्यंत मुदत मिळाली. पूर्ण सूट द्यावी की नाही, यावर देशात वर्षानुवर्षं वाद चालला. जून २०२२मध्ये सातहीजणांनी एका जेवणाच्या टेबलावर बसून, आता थोडं वेगवेगळं काम करू, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर पाव हिश्शाच्या आसपास घसरला. ऑक्टोबरात बुसानला मोफत मैफल झाली आणि दोनच दिवसांत, आम्ही सगळे सेवेत जाणार, हे जाहीर झालं. डिसेंबरात जिन गेला आणि वर्षभरात एकेक करून बाकीचेही. सगळे लष्करी किंवा नागरी सेवेत जायच्या आधीच, सप्टेंबर २०२३मध्ये, २०२५नंतरच्या कराराचं नूतनीकरणही ठरलं होतं.

१० जून २०२५ला चुनचन शहरात आरएम आणि व्ही सेवेतून बाहेर आले, गणवेशातच. लष्करी बँडमध्ये असलेल्या आरएमच्या हातात सॅक्सोफोन होता, तो त्यानं तिथंच वाजवला. दुसऱ्या दिवशी जिमिन आणि जंगकुक सुटले. २१ जूनला नागरी सेवेतून शुगा, सगळ्यात शेवटी. १ जुलैला सातहीजण एका थेट प्रक्षेपणात, एकाच चौकटीत बसले आणि त्यांनी सांगितलं : २०२६च्या वसंतात नवा अल्बम, त्यानंतर जगदौरा.