नवउद्यम प्रवेगक व बीजभांडवल

नव्या कल्पनेवर उभ्या राहू पाहणाऱ्या कंपन्यांची तुकडी निवडून तिला ठरावीक मुदतीत, बहुधा तीन महिन्यांत, मार्गदर्शन, ओळखीपाळखी आणि थोडे भांडवल देणारी संस्था म्हणजे प्रवेगक. व्यवहारात ॲक्सेलरेटर हाच शब्द रूढ आहे. कंपनीकडे गिऱ्हाईक, नफा वा तारण यांपैकी काही नसताना बाहेरून येणाऱ्या पहिल्या पैशाला बीजभांडवल म्हणतात.

महाराष्ट्रात ‘बीजभांडवल’ हा शब्द स्टार्टअपच्या आधीपासून नांदतो आहे, पण वेगळ्या अर्थाने. जिल्हा उद्योग केंद्रांमार्फत चालणाऱ्या सुशिक्षित बेरोजगारांच्या योजनेत, तसेच मागासवर्गीय विकास महामंडळांच्या योजनांत, प्रकल्पखर्चाचा मोठा भाग बँक कर्जाऊ देते. अर्जदाराने स्वतः उभा करायचा हिस्सा त्याला जड जातो, म्हणून त्यातला काही भाग शासन वा महामंडळ अल्प व्याजाने पुरवते. हे बीजभांडवल फेडावे लागते. प्रवेगकाचे सहसा फेडावे लागत नाही. त्याच्या मोबदल्यात कंपनीतला वाटा जातो. दोन्ही कागदांवर शब्द एकच असल्याने सही करण्यापूर्वी हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रवेगकाचे मूळ कोठे शोधावे याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार तो उबवणी केंद्राचा, म्हणजे इन्क्युबेटरचा, पुढचा टप्पा होय. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बटाव्हिया येथे मॅसी-हॅरिस या शेतीयंत्रांच्या कंपनीचा कारखाना बंद पडल्यावर जोसेफ मँक्युसो यांनी १९५९ मध्ये ती अवाढव्य इमारत छोट्या उद्योगांना तुकड्यातुकड्याने भाड्याने देण्यास सुरुवात केली. भाडेकरूंत कोंबडीची पिल्ले उबवणारी एक कंपनी होती आणि त्यावरूनच ‘इन्क्युबेटर’ हे नाव पडले, अशी हकिगत सांगितली जाते. ती बरीचशी आठवणींवर आधारलेली असली, तरी हे केंद्र या प्रकारातले पहिले असल्याचे सामान्यतः मानले जाते. दुसऱ्या मतानुसार प्रवेगक ही वेगळीच घडण असून तिचा आरंभ वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेपासून धरावा. पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंगस्टन, रॉबर्ट मॉरिस व ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनी मार्च २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे ती सुरू केली. त्या उन्हाळ्यातील पहिल्या तुकडीत आठ कंपन्या होत्या. चर्चेचे संकेतस्थळ चालवणारी रेडिट ही त्यांतलीच. पाठोपाठ बोल्डर येथे टेकस्टार्स (२००६) व लंडनला सीडकॅम्प (२००७) आल्या. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. उबवणी केंद्र जागा देते, भाडे घेते आणि कंपनीला वर्षानुवर्षे राहू देते. प्रवेगकाचा सारा जोर तुकडी आणि मुदत यांवर असतो. अखेरच्या दिवशी, ‘डेमो डे’ला, गुंतवणूकदारांसमोर काही मिनिटांत आपले काम मांडायचे असते आणि त्या तारखेच्या धाकानेच कामाला वेग येतो.

वाय कॉम्बिनेटर आरंभी दर संस्थापकामागे सुमारे ६,००० डॉलर देऊन साधारण ६ टक्के वाटा घेई. २०२२ पासून ती एकूण ५ लाख डॉलर देते. त्यांतील १,२५,००० डॉलर ७ टक्क्यांसाठी असतात, म्हणजे कंपनीचे मोल सुमारे १७.८६ लाख डॉलर धरले जाते. उरलेल्या ३,७५,००० डॉलरचा वाटा पुढील फेरीच्या, म्हणजे नंतर गुंतवणूकदारांकडून पैसा उभारला जाईल त्या वेळच्या, मोलावर ठरतो. ही रचना ‘सेफ’ नावाच्या, आज पैसा घेऊन पुढे कंपनीतला वाटा देण्याच्या, करारावर उभी आहे. हा करार याच संस्थेने २०१३ मध्ये प्रचारात आणला. तो कर्ज नव्हे. त्याला व्याज नाही, परतफेडीची तारीख नाही. भारतात त्याच धर्तीचा ‘आयसेफ’ मुंबईच्या १००एक्स.व्हीसी या संस्थेने २०१९ मध्ये आणला. तो सक्तीने परिवर्तनीय अग्रहक्क भागांच्या, म्हणजे पुढे साध्या भागांत (शेअरमध्ये) बदलावेच लागणाऱ्या भागांच्या, रूपात असतो.

वाटा कसा आटतो हे हिशेबानेच कळते. समजा, ५ कोटींच्या कमाल मोलावर, म्हणजे करारात ठरलेल्या मोलाच्या वरच्या मर्यादेवर, ५० लाख बीजभांडवल घेतले आणि ते ५० लाखही त्या ५ कोटींतच धरले. गुंतवणूकदाराकडे १० टक्के गेले, संस्थापकांकडे ९० उरले. पुढील फेरीत नव्या गुंतवणूकदाराने २० टक्के घेतले, की संस्थापक ७२ वर येतात आणि पहिला गुंतवणूकदार ८ वर.

भारतात उबवणी केंद्रे मुख्यतः शिक्षणसंस्था व प्रयोगशाळांच्या आश्रयाने वाढली. मुंबईच्या आयआयटीतील ‘साइन’ (२००४) आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील व्हेंचर सेंटर (२००७) ही महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे. १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ मोहीम सुरू झाली. २०२१ च्या ९४५ कोटी रुपयांच्या बीजनिधी योजनेत संकल्पना पारखण्यासाठी व नमुना घडविण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, तर बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत परिवर्तनीय (पुढे भागांत बदलता येणारे) रोखे वा कर्ज यांच्या रूपाने पैसा मिळतो. पैसा थेट नव्हे, तर निवडलेल्या उबवणी केंद्रांमार्फत येतो; अर्ज करताना कंपनी स्थापून दोन वर्षांहून अधिक काळ झालेला चालत नाही. वाजवी मोलाहून अधिक दराने भाग विकल्यास त्या वाढीव रकमेवर लागणारा, २०१२ मध्ये आलेला ‘एंजल टॅक्स’ अनेक नव्या कंपन्यांना जाचक ठरला. २०२४ च्या अर्थसंकल्पात तो रद्द करण्यात आला.

या साहाय्यातले नेमके काय उपयोगी पडते, यावर ‘स्टार्टअप चिले’ या २०१० च्या सरकारी उपक्रमाचा अभ्यास बोलका आहे. तेथे वाटा न घेता पैसा व बसायला जागा मिळे. एवढ्यानेच कंपन्यांच्या वाटचालीत फरक पडल्याचे आढळले नाही. ज्या निवडक कंपन्यांना जोडीला नियमित शिकवणी व कामाचा जाब विचारणारे मार्गदर्शक मिळाले, त्या मात्र पुढे गेल्या. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीने ‘स्टार्टअप सप्ताहा’त वेगळी वाट धरली. निवडलेल्या नवउद्यमांना भांडवलाऐवजी शासकीय विभागांत आपले उत्पादन वापरून दाखविण्यासाठी कार्यादेश, म्हणजे कामाची मागणीपत्रे, दिली जातात; आरंभीच्या वर्षांत ती १५ लाख रुपयांपर्यंतची असत.