सॅक्रलायझेशन की लंबरायझेशन? आधी मणके मोजा

एल-५ (कमरेचा पाचवा, शेवटचा मणका) खालच्या त्रिकास्थीला (एकमेकांना जुळलेल्या मणक्यांच्या हाडाला) जुळला तर सॅक्रलायझेशन, एस-१ (त्रिकास्थीचा पहिला मणका) तिच्यापासून सुटा राहिला तर लंबरायझेशन. कमरेत पहिल्यात चार सुटे मणके दिसतात, दुसऱ्यात सहा. व्याख्या एवढीच, ती कुणी चुकत नाही.

चुकते ती मोजणी. कमरेच्या एक्स-रेत तळाचा एक मणका अर्धवट जुळलेला दिसतो. तो एल-५ की एस-१, हे नुसत्या त्या फिल्मवरून खात्रीने सांगता येत नाही. तरी शेवटची बरगडी दिसली की तिचा मणका टी-१२ (पाठीचा बारावा) धरून बोट खाली सरकवत आणायचे, ही सवय काही जात नाही. बरगड्यांच्या अकरा किंवा तेरा जोड्या असल्या, किंवा बारावी इतकी आखूड असली की आडव्या काट्यासारखी (मणक्याच्या बाजूला निघालेल्या हाडासारखी) भासली, तर पुढचा प्रत्येक आकडा एका मणक्याने चुकतो. म्हणून एमआरआयच्या वेळीच मानेपर्यंतचा लोकलायझर (जागा ठरवण्यासाठीचे चित्र) घ्यावा आणि सी-२ (मानेचा दुसरा मणका) पासून खाली मोजत यावे. त्याचा वर आलेला दातासारखा सुळका सहज ओळखू येतो. सी-१ पहिला धरला तर चोविसावा मणका एल-५. तो जुळलेला असेल तर सॅक्रलायझेशन. तो सुटा आणि पंचविसावाही सुटा, तर लंबरायझेशन.

हा शब्दांचा कीस नाही. रिपोर्ट वरून मोजून 'एल-४/५ ची गादी' (त्या दोन मणक्यांमधली चकती) म्हणतो आणि ऑपरेशनच्या टेबलावर सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली मोजणी खालून सुरू होते; मग भलतीच गादी उघडली जाते. नुसते 'ट्रान्झिशनल व्हर्टिब्रा' (कमर आणि त्रिकास्थीच्या सीमेवरचा मणका) लिहिलेला रिपोर्ट मला अपुरा वाटतो. मोजणी कुठून केली, हे त्यात लिहिलेच पाहिजे, आणि ऑपरेशनआधी त्याच मोजणीने एक्स-रे जुळवून पाहिला पाहिजे.

अशा मणक्यांचे कास्टेल्व्हीने केलेले चार प्रकार (१९८४) सॅक्रलायझेशन आणि लंबरायझेशन दोन्हींना सारखेच लागू. पहिल्यात आडवा काटा फक्त रुंद, १९ मिमी किंवा जास्त. त्याला दुखण्याचे कारण ठरवू नये. दुसऱ्यात काटा आणि त्रिकास्थी यांच्यात खोटा सांधा असतो, तो खरोखर दुखू शकतो. संशय असेल तर तिथेच भूल देणारे इंजेक्शन देऊन पाहतात. दुखणे तेवढ्यापुरते थांबले तर संशय बळावतो. तिसऱ्यात हाड पक्के जुळलेले, चौथ्यात एका बाजूला दुसरा आणि दुसऱ्या बाजूला तिसरा.

जुळलेल्या मणक्याखालची गादी बारीक दिसली की 'गादी झिजली' असे सांगून रुग्णाला घाबरवले जाते. ती बहुधा जन्मापासूनच अपुरी असते. झीज शोधायची तर तिच्या वरच्या गादीत शोधा. जास्तीचा ताण तिथे पडतो.