केमो चालू असताना जुलाब: ‘काही आढळले नाही’ म्हणजे नक्की काय पाहिलं?

केमोथेरपी घेणाऱ्या मुलाला जुलाब लागले की पहिला संशय औषधावर जातो. तो बऱ्याचदा खराही ठरतो. ही औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि आतड्याचं अस्तर तर दर चार-पाच दिवसांनी नवं होत असतं. साहजिकच तेही सोलवटतं. पण जुलाब रेंगाळले, तर परजीवी शोधायला हवेत, आणि तेही नाव घेऊन.

कारण नेहमीच्या तपासणीत शौचाचा थेंब सलाइन आणि आयोडीनमध्ये पाहतात. त्यात जिआर्डिया, अमीबा, जंतांची अंडी सापडतात. क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी मात्र निसटतो. त्याची ऊसिस्ट, म्हणजे शौचातून बाहेर पडणारी कवचबंद अवस्था, जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनची, गोल, थेट यीस्टसारखी दिसणारी. टीबीचे जंतू पाहायला वापरतात त्या ॲसिड-फास्ट रंगाची सुधारित पद्धत वापरली, की निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर ती गुलाबी-लाल उठून दिसते. यीस्ट हा रंग धरत नाही. सायक्लोस्पोरा हा दुसरा परजीवीही याच रंगात दिसतो, पण तो ८ ते १० मायक्रॉनचा, म्हणून आकार मोजल्याशिवाय नाव देणं धोक्याचं. मायक्रोस्पोरिडिया या अतिसूक्ष्म परजीवींना तर वेगळाच, सुधारित ट्रायक्रोम रंग लागतो. थोडक्यात, तपासणीच्या फॉर्मवर संशयित परजीवींची नावं लिहिलेली नसतील, तर ‘आढळले नाही’ याचा अर्थ अनेकदा ‘शोधले नाही’ एवढाच असतो.

एका नमुन्यावर भिस्त ठेवू नये. परजीवी रोज सारख्या संख्येने बाहेर पडत नाहीत. एक दिवसाआड तीन नमुने द्यावेत. लघवी किंवा संडासातलं पाणी त्यात मिसळू देऊ नये. पातळ शौच अर्ध्या तासात पाहता येणार नसेल, तर एक भाग शौचाला तीन भाग फिक्सेटिव्ह (फॉर्मॅलिनसारखं, नमुना टिकवणारं द्रावण) घालतात. पण फॉर्मॅलिनमधला नमुना पीसीआरला (परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला) चालत नाही, त्यासाठी वेगळी डबी हवी.

निरोगी मुलाचा क्रिप्टोस्पोरिडियम साधारण दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटलेल्या मुलात तसं होत नाही. या परजीवीच्या पातळ कवचाच्या ऊसिस्ट आतड्यातच फुटतात आणि बाहेरून काही न येताही संसर्ग चालू राहतो. नायटाझोक्सानाइड हे त्यावरचं औषध अशा मुलांत भरवशाचं नाही; खरा उतार पडतो तो प्रतिकारशक्ती परतल्यावर. त्यामुळे केमोचा पुढचा डोस लांबवायचा का, हा अवघड प्रश्न कॅन्सरतज्ज्ञांपुढे येतो. न्यूमोनिया टाळण्यासाठी या मुलांना बहुधा को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक चालू असतं. त्याने सायक्लोस्पोरालाही बऱ्यापैकी लगाम बसतो, क्रिप्टोस्पोरिडियमला नाही.

सर्वांत घातक मात्र स्ट्राँगिलॉइडिस. ही बारीक अळी दूषित मातीतून, अनवाणी पायांच्या कातडीतून शिरते आणि काही त्रास न देता वर्षानुवर्षं आतड्यात राहू शकते. ल्युकेमियाच्या उपचारात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड सुरू झालं, की तिची पैदास बेसुमार वाढते. अळ्या आतड्याची भिंत भेदून फुप्फुसांत, कधी मेंदूपर्यंत जातात. सोबत आतड्यातले जीवाणू रक्तात नेतात. स्टिरॉइडमुळे इओसिनोफिल (जंतांच्या संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले दिसत नाहीत, म्हणजे नेहमीची खूणही पुसली जाते. म्हणून ही अळी आढळणाऱ्या भागातल्या मुलाची रक्तातल्या प्रतिपिंडांची आणि ताज्या, फ्रिजमध्ये न ठेवलेल्या शौचाची अगार प्लेटवरची (जेलीसारख्या थरावर अळ्यांचा माग पाहण्याची) तपासणी स्टिरॉइड सुरू होण्याआधी करून घ्यावी. त्यावरचं औषध आयव्हरमेक्टिन वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम देतात. १५ किलोंखालच्या मुलांत त्याची सुरक्षितता पुरेशी सिद्ध नसल्याने तिथे निर्णय तज्ज्ञांनीच घ्यायचा.

घरी पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ते पूर्ण एक मिनिट उकळू द्या. क्लोरीनच्या गोळ्यांना क्रिप्टोस्पोरिडियम दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यानेच सुमारे चार लाख लोक आजारी पडले होते. हातांना लावायचं अल्कोहोल सॅनिटायझरही त्यावर कुचकामी, तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. लंगोट बदलल्यावर तर हवंच.

जुलाब थांबवणारी लोपेरामाइडसारखी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध चालू असेल तर जुलाब लगेच कळवा: शरीरातलं पाणी घटलं की हे औषध मूत्रपिंडांतून वेळेवर बाहेर पडत नाही आणि त्याची विषारी पातळी वाढते. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ततपासणीत ५०० च्या खाली आणि अंगात ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप असेल, तर शौचाच्या रिपोर्टची वाट न पाहता मुलाला तडक रुग्णालयात न्या.