नारळ उभा राहिला, पण पाणी कुठंय?

"त्यानं दाखवलेलं पाणी कधी चुकत नाही." आमच्या औसा तालुक्यात उन्हाळा लागला की पारावर हे वाक्य ऐकू येतंच. पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी दाखवणारा माणूस, तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो. एका जागी नारळ उभा राहतो, तिथे खूण होते, आणि रात्री बोअरची गाडी येते. माझ्या काकांनी अशाच खुणेवर चारशे फूट बोअर घेतला. वर आला तो नुसता फुफाटा. दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "गाडी दोन हात सरकून लागली, त्याला तो तरी काय करणार?"

काका भोळे नाहीत. सोयाबीनच्या भावात त्यांना कुणी फसवू शकत नाही. मग हा युक्तिवाद त्यांना कसा फसवतो?

आधी जमीन पाहू. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. अखंड पाषाणात पाणी जवळपास मुरतच नाही. ते असतं वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. म्हणून एका बोअरला दोन इंच पाणी लागतं आणि शेजारचा कोरडा जातो. पण पाणी लागण्याची काही ना काही शक्यता बऱ्याच ठिकाणी असतेच. समजा, एखाद्या शिवारात डोळे मिटून घेतलेल्या तीस बोअरपैकी वीस लागतात. मग पाणाड्याच्याही तीसपैकी वीस लागले, तर नारळानं त्यात कसली भर घातली?

हे कळायला चार आकडे लागतात: त्यानं दाखवलेले आणि लागलेले, दाखवलेले आणि कोरडे गेलेले, न दाखवता लागलेले, न दाखवता कोरडे गेलेले. पारावर फक्त पहिला आकडा बोलला जातो. लागलेल्या बोअरवर ऊस उभा असतो, तो येता-जाता दिसतो. कोरड्या बोअरच्या तोंडावर दगड ठेवला जातो आणि घरातलं माणूसही तो विषय काढत नाही.

आपल्या न्यायदर्शनानं, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रानं, ही चूक फार पूर्वी ओळखली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांतल्या पाच हेत्वाभासांपैकी, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या फसव्या कारणांपैकी, पहिला सव्यभिचार. जे सिद्ध करायचं ते असतं तिथेही आणि नसतं तिथेही जो हेतू, म्हणजे पुढे केलेलं कारण, सापडतो, त्याच्यावरून काहीच ठरत नाही. नारळ पाण्यावरही उभा राहतो, पाषाणावरही. मला हे वर्गीकरण आजच्या कुठल्याही यादीइतकंच धारदार वाटतं.

शिकलेली माणसंही यात सापडतात. 1987-88 मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ एका धान्याच्या कोठारात मोठा प्रयोग झाला. खालच्या मजल्यावर पाण्याची नळी दर वेळी नव्या जागी सरकवायची आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्यानं ती ओळखायची. सुमारे 500 जणांतून 43 निवडले, त्यांच्या 843 चाचण्या झाल्या. बहुतेकांना काही जमलं नाही. पण सहा जणांकडे खरं कौशल्य दिसतं, असं संशोधकांनी जाहीर केलं. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञानं तेच आकडे पुन्हा तपासले. त्या सहा जणांचं यशही त्यांच्या स्वतःच्या पुढच्या फेऱ्यांत टिकत नव्हतं. बत्तीस जणांनी प्रत्येकी पाच वेळा नाणं उडवलं, तर सरासरी एकाला पाचही छापे पडतात. निकाल लागल्यावर त्याच एकाला पुढे उभं केलं की तो सिद्धपुरुष दिसतो. तालुक्याचा 'कधी न चुकणारा' पाणाड्याही असाच निवडला जातो.

तो लबाडच असतो असं मात्र नाही. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर या इंग्लिश शरीरशास्त्रज्ञांनी 1852 मध्येच मांडलं होतं. तळहात किंचित कलतो, तोल गेलेला नारळ उभा राहतो, आणि ते आपणच केलं हे खुद्द पाणाड्याला जाणवत नाही. त्याचा प्रामाणिकपणा खरा असतो, म्हणूनच समोरच्याला शंका घेणं जड जातं.

मला जास्त घातक वाटतं ते काकांचं वाक्य. पाणी लागलं तर विद्या खरी. नाही लागलं तर गाडी सरकली, नाहीतर कुणाची नजर लागली. काय घडलं तर आपण चुकलो असं मानायचं, हे बोअर घेण्याआधी कुणीच ठरवत नाही. मी काकांना एवढंच विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले.

आता चुलतभावानं शाळेच्या जुन्या वहीत शिवारातले बोअर लिहायला घेतलेत: खोली, पाणी, जागा कोणी दाखवली. लागलेले एका संध्याकाळी लिहून झाले. कोरड्यांसाठी तो अजून घरोघरी फिरतोय.